दृष्टिपटलाचे छायाचित्र आणि शिकणारे यंत्र



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असत. प्रकाशाचे परावर्तन आणि वक्रीभवन हे त्यांचे विशेष आवडीचे विषय होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या अनेकांप्रमाणे माझेही पुढील आयुष्य प्रकाशीय उपकरणांच्या सहवासात गेले. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी असा विषय निवडला की जो त्यांच्या धड्यांपासून निघतो आणि थेट आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपाशी येऊन पोचतो. प्रकाशाने घेतलेली शरीराची चित्रे यंत्राला वाचता येतील काय, येत असतील तर त्या वाचनावर कितपत विसंबावे, आणि ते वाचन चुकले तर उत्तर कोणी द्यावे, असे तीन प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे.

उज्जयिनीत या विषयाचा आरंभ वेधशाळेपासून करणे उचित होईल. सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार असताना, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, क्षिप्रेच्या काठी ही वेधशाळा उभी राहिली, आणि १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला. तेथील सम्राट यंत्र आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिले आहे. त्याच्या मधल्या तिरक्या भिंतीची सावली बाजूच्या कमानीवर पडते आणि त्यावरून वेळ कळते. ही भिंत क्षितिजाशी जो कोन करते तो मनमानी नाही. तो उज्जयिनीच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २३ अंश ११ कला आहे. त्यामुळेच भिंतीची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते. जयपूरचा अक्षांश सुमारे २७ अंश आहे. येथील यंत्र जसेच्या तसे उचलून तेथे नेऊन ठेवले, तर बांधकामात एका विटेचाही दोष नसताना ते वेळ चुकीची दाखवील. उपकरण निर्दोष असूनही स्थानामुळे चुकू शकते, ही गोष्ट आपण मनात ठेवावी. आजच्या विषयाचे मर्म बहुतांशी तिच्यातच आहे.

आता वेधशाळेकडून वैद्यकाकडे वळू. १८५१ साली हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ऑफ्थॅल्मोस्कोप नावाचे उपकरण प्रसिद्ध केले. बाहुलीतून प्रकाश आत सोडावयाचा आणि आतून परावर्तित झालेला प्रकाश त्याच वाटेने परत येताना पाहावयाचा, एवढीच त्याची युक्ती. परंतु तिने एक दालन उघडले. मानवी शरीरात दृष्टिपटल हे असे स्थान आहे की जेथील रक्तवाहिन्या त्वचेला छेद न देता प्रत्यक्ष पाहता येतात. पुढे त्याच तत्त्वावर फंडस कॅमेरा आला आणि जे वैद्याला क्षणभर दिसत असे त्याचे छायाचित्र जपून ठेवता येऊ लागले.

मधुमेहात या छायाचित्राचे मोल फार मोठे आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की दृष्टिपटलातील केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. प्रथम त्यांना टाचणीच्या टोकासारखे सूक्ष्म फुगवटे येतात. मग रक्ताचे बारीक ठिपके दिसू लागतात, पिवळसर कठीण साके जमतात, आणि पुढच्या पायरीवर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटतात. या साऱ्या काळात रुग्णाला काहीच जाणवत नाही असे पुष्कळदा होते. जेव्हा सूज पीतबिंदूपर्यंत पोचते किंवा डोळ्याच्या आत रक्तस्राव होतो, तेव्हा प्रथम कळते, आणि तोवर बरेच काही हातचे गेलेले असते.

माझ्या आत्याचे असेच झाले. पंधरा वर्षे तिला मधुमेह होता. ती रोज पहाटे उठून पोथी वाचीत असे, सुईत दोरा ओवीत असे. डोळ्यांची तपासणी कशाला, असे तिलाही वाटले आणि आम्हांलाही कोणी सांगितले नाही. एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे काळे जाळे आले, आणि वर्षभरात तिची पोथी कायमची मिटली. पुढे वीस वर्षे ती घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालत होती. वास्तविक १९७६ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले होते, की वेळीच लेसरचे उपचार केले तर तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याने कमी होतो. म्हणजे उपाय ठाऊक होता. ज्याला तो हवा आहे तो माणूस वेळेत ओळखला गेला नाही.

हा माणूस ओळखावयाचा कसा, हीच खरी अडचण आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. प्रत्येकाचे दृष्टिपटल वर्षातून एकदा तपासावे असे शास्त्र सांगते. इतके डोळे तपासण्याइतके नेत्रतज्ज्ञ आपल्याजवळ नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. छायाचित्र काढणे हे काम प्रशिक्षित कर्मचारी करू शकतो. ते वाचणारा मनुष्य मात्र दुर्मिळ आहे. म्हणून वाचनाचे काम यंत्राकडे देता येईल काय, हा प्रश्न निर्माण झाला.

येथे यंत्र शिकते म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे आकड्यांचा पट. प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांचे तीन आकडे. पूर्वी संशोधक नियम लिहून देत: अमुक इतका गडद व अमुक इतका गोल ठिपका दिसला तर तो फुगवटा समजावा. पण प्रत्येक डोळा निराळा, प्रत्येक प्रकाश निराळा, त्यामुळे नियमांची यादी कधीच पुरी होईना. मशीन लर्निंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत नियम लिहीतच नाहीत. हजारो छायाचित्रे आणि त्यांवर तज्ज्ञांनी दिलेली उत्तरे यंत्रापुढे ठेवतात. यंत्र आकड्यांना निरनिराळी वजने देऊन बेरजा करते आणि एक उत्तर काढते. ते तज्ज्ञाच्या उत्तराशी ताडून पाहतात. जितकी चूक, तितक्या प्रमाणात प्रत्येक वजन किंचित हलवतात. ही क्रिया लक्षावधी वेळा झाली म्हणजे वजने अशी बसतात की न पाहिलेल्या छायाचित्रालाही यंत्र बहुतेक बरोबर उत्तर देते. गणित शिकविताना गुरुवर्य वहीत लाल शाईने चूक दाखवीत व पुन्हा सोडवावयास सांगत, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की आपल्याला चूक का झाली हे समजत असे. यंत्राला केवळ ती किती झाली एवढेच समजते.

२०१६ साली गूगल कंपनीच्या संशोधकांनी या पद्धतीचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी १,२८,१७५ छायाचित्रे वापरली गेली आणि प्रत्येक छायाचित्र तीन ते सात वेळा तज्ज्ञांकडून तपासून घेतले गेले. एकदाच का नाही, असे आपण विचाराल. कारण एकच चित्र पाहून दोन तज्ज्ञांचे मत पुष्कळदा जुळत नाही. किंबहुना तोच तज्ज्ञ काही दिवसांनी निराळे मत देतो. यंत्राचा गुरू मनुष्य आहे, आणि गुरूच्या मनातील संभ्रम शिष्यात उतरतो. म्हणून यंत्राची परीक्षा घेण्यापूर्वी उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांची परीक्षा घ्यावी लागते.

या क्षेत्रातील एक काम आपल्या मराठी मुलखात झाले आहे, आणि ते पुरेसे लोकांना ठाऊक नाही म्हणून मुद्दाम सांगतो. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतील प्रसन्न पोरवाल, मनेश कोकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली भारतीय रुग्णांच्या दृष्टिपटलांच्या छायाचित्रांचा एक संच सर्व जगासाठी खुला केला. ही छायाचित्रे नांदेडमधील एका नेत्रचिकित्सालयात काढलेली होती. संख्या अवघी ५१६. सव्वा लाखांपुढे हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु यातील प्रत्येक चित्रात सुमारे सव्वा कोटी बिंदू आहेत, आणि ८१ चित्रांवर तर सूक्ष्म फुगवटे, रक्ताचे ठिपके, कठीण साके व मऊ साके हे चार दोष बिंदूबिंदूने आखून दाखविले आहेत. कोणता बिंदू रोगट व कोणता निरोगी, हे मनुष्याने बसून ठरविले आहे. एखाद्या जुन्या पोथीची शुद्ध प्रत तयार करणाऱ्याने अक्षर अक्षर पारखावे, तसे हे चिकाटीचे काम आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या वैद्यकीय प्रतिमांविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या संचावर स्पर्धा झाली, आणि देशोदेशींच्या संशोधकांनी नांदेडच्या रुग्णांच्या डोळ्यांवर आपापली यंत्रे पारखून पाहिली.

या कामाचे महत्त्व सम्राट यंत्राच्या दृष्टान्ताने ध्यानात येईल. आपल्याकडील लोकांच्या दृष्टिपटलामागचा थर युरोपीय लोकांच्या तुलनेने अधिक गडद असतो, त्यामुळे छायाचित्राचा रंगच बदलतो. कॅमेरा निराळा, प्रकाश निराळा, मोतीबिंदूमुळे आलेला धूसरपणा निराळा. परदेशातील छायाचित्रांवर शिकलेले यंत्र येथे आणले तर त्याचा कोन आपल्या अक्षांशाशी जुळेलच असे नाही. तो जुळतो की नाही हे पाहावयास येथलीच छायाचित्रे हवीत, आणि येथल्याच जाणत्यांनी दिलेली उत्तरे हवीत.

अशी पारख झाल्याची उदाहरणे आहेत. २०१९ साली मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय व चेन्नईचे शंकर नेत्रालय यांनी मिळून ३,०४९ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तज्ज्ञाकडे पाठविण्याजोग्या शंभर रुग्णांपैकी किती ओळखले, याला संवेदनक्षमता म्हणतात. आणि ज्यांना पाठविण्याची गरज नाही अशा शंभरांपैकी किती जणांना योग्य रीतीने घरी पाठविले, याला विशिष्टता म्हणतात. अरविंद येथे हे आकडे अनुक्रमे ८८.९ व ९२.२ टक्के आले, तर शंकर नेत्रालयात ९२.१ व ९५.२ टक्के. यंत्राची कामगिरी छायाचित्रे वाचणाऱ्या माणसांच्या बरोबरीची किंवा त्याहून सरस ठरली. पण हेही पाहावे, की यंत्र एकच असून दोन रुग्णालयांत दोन निराळे आकडे आले.

मुंबईतही महानगरपालिकेच्या दवाखान्यांत २०१८ साली एक प्रयोग झाला. मोबाइल फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने, नेत्रतज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याने छायाचित्रे काढली आणि इंटरनेटच्या जोडणीशिवाय फोननेच निवाडा दिला. २१३ रुग्णांच्या या चाचणीत तज्ज्ञाकडे पाठविण्याजोगा एकही रुग्ण निसटला नाही, आणि विशिष्टता ८८.४ टक्के राहिली. संख्या लहान असल्याने यावरून मोठे सिद्धान्त काढू नयेत. तथापि महागडी यंत्रसामग्री नसलेल्या साध्या दवाखान्यातही हे होऊ शकते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

टक्केवारी ऐकून आपण सुखावतो, म्हणून थोडे अंकगणित करू. समजा, माळव्यातील एखाद्या तालुक्यात एक हजार मधुमेही तपासले आणि त्यांपैकी शंभरांना खरोखर उपचाराची गरज आहे. यंत्राची संवेदनक्षमता व विशिष्टता दोन्ही ९० टक्के धरू. शंभरांपैकी नव्वद सापडतील, दहा निसटतील. उरलेल्या नऊशेंपैकी नव्वद जणांना विनाकारण धोक्याचा इशारा मिळेल. म्हणजे इशारा मिळालेले एकशे ऐंशी, आणि त्यांतील निम्मे निरोगी. त्या निम्म्यांची एक दिवसाची मजुरी बुडेल, एसटीसारख्या गाडीचे भाडे जाईल, सोबत मुलाला यावे लागेल. आणि जे दहा निसटले, ते "यंत्राने सर्व ठीक सांगितले" असे म्हणत माझ्या आत्याप्रमाणे निर्धास्त राहतील. तराजूचे हे दोन पारडे कोठे स्थिर करावयाचे, हे यंत्र ठरवीत नाही. माणसांना ठरवावे लागते, आणि ते ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना सांगून ठरवावे लागते.

यंत्र प्रयोगशाळेतून बाहेर आले म्हणजे काय होते, याचा एक बोधप्रद वृत्तान्त थायलंडमधून आला आहे. तेथील ११ दवाखान्यांतील अनुभव २०२० साली प्रसिद्ध झाला. परिचारिकांनी काढलेल्या १,८३८ छायाचित्रांपैकी सुमारे २१ टक्के यंत्राने वाचण्यास अयोग्य म्हणून नाकारली. कारण अगदी साधे होते: खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता. छायाचित्र नाकारले की रुग्णाला दूरच्या रुग्णालयात जाण्यास सांगावे लागे. यंत्राच्या विद्वत्तेत उणीव नव्हती. पडद्याची उणीव होती.

प्रकाशीय उपकरणाची दुसरी एक गोष्ट आपल्या सर्वांच्या घरात येऊन गेली आहे. २०२० व २०२१ च्या महामारीत घरोघरी पल्स ऑक्सिमीटर आले. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलेल्या तत्त्वावर ते चालते. बोटातून तांबडा व अवरक्त प्रकाश जातो, आणि दोहोंचे शोषण किती झाले यावरून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण काढतात. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की उपकरण प्राणवायू ठीक दाखवीत असतानाही प्रत्यक्ष रक्ततपासणीत तो धोकादायक रीतीने कमी असण्याचे प्रमाण गौरवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. काळ्या सावळ्या वर्णाच्या आपल्या देशात या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावयास नको. येथेही अक्षांशाचीच गोष्ट आहे.

आणखी एक मुद्दा माझ्या मते फार गंभीर आहे. २०१८ साली संशोधकांना आढळले, की केवळ दृष्टिपटलाच्या छायाचित्रावरून यंत्र व्यक्ती स्त्री की पुरुष हे ओळखते, आणि वयाचाही अंदाज सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने सांगते. स्त्री-पुरुष भेद त्या चित्रातून ओळखणे निष्णात नेत्रतज्ज्ञालाही साधत नाही. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, यंत्र कशाकडे पाहून उत्तर देते हे आपल्याला पुरते कळत नाही. दुसरी, आपण डोळ्याचे म्हणून जे छायाचित्र देतो त्यात डोळ्याहून पुष्कळ अधिक माहिती दडलेली असते. म्हणून ते कोणाकडे राहणार, किती दिवस राहणार आणि आणखी कशासाठी वापरले जाणार, हे विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे. अनुसंधान परिषदेने २०२३ साली वैद्यकातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांत रुग्णाची संमती, माहितीची गोपनीयता आणि उत्तरदायित्व या गोष्टींना प्रमुख स्थान आहे.

उत्तरदायित्वाविषयी माझे मत स्पष्ट सांगतो. यंत्राला शिक्षा होऊ शकत नाही, पश्चात्ताप होऊ शकत नाही आणि रुग्णाच्या घरी जाऊन दोन शब्द बोलताही येत नाहीत. म्हणून निवाड्याखाली सही माणसाचीच असली पाहिजे. ज्या संस्थेने यंत्र बसविले तिने ते कोठे शिकले, येथील रुग्णांवर पारखले काय, आणि त्यातून किती निसटले, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे दवाखान्याच्या भिंतीवर लावावीत. हे यंत्राविषयीच्या अविश्वासाने मी म्हणत नाही. उलट, माझ्या आत्याच्या काळी असा एखादा फोन कोण्या परिचारिकेच्या हाती असता, तर तिची पोथी उघडी राहिली असती असे मला मनापासून वाटते. ज्या ठिकाणी तज्ज्ञ पोचत नाही तेथे सावध यंत्र काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरे. पण सावधपणा त्याच्या अंगी उपजत नसतो. तो आपल्याला सांभाळावा लागतो.

शेवटी माजी विद्यार्थी संघापुढे एक विनंती ठेवतो. आपण दरवर्षी आरोग्य शिबिर भरविता. त्यात मधुमेही नागरिकांच्या दृष्टिपटलाच्या तपासणीची जोड द्यावी. छायाचित्र वाचणारे यंत्र मिळाले तर ते घ्यावे, आणि त्याने "ठीक" म्हटलेल्यांपैकीही काही छायाचित्रे नेत्रतज्ज्ञाकडून फिरून तपासून घ्यावीत, म्हणजे आपल्या गावात ते कितपत चुकते हे आपल्यालाच कळेल. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक वही ठेवावी. ज्याला रुग्णालयात जाण्यास सांगितले तो गेला काय, त्याच्यावर उपचार झाले काय, नसेल तर का नाही, हे त्या वहीत महिन्या-महिन्याला लिहिले जावे. शिबिराचा फलक एका दिवसात उतरतो. माणसाची दृष्टी वाचते ती या वहीमुळे. नववी-दहावीच्या मुलांनी ही वही सांभाळावी. शंभरांतले किती निसटले हे त्यांनी आपल्या हाताने मोजले, तर टक्केवारी हा विषय त्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक चांगला समजेल, आणि उद्या त्यांच्यातील कोणी असे यंत्र घडविले तर ते कोणासाठी घडवावयाचे हेही त्याच्या ध्यानात राहील.

 आपल्या घरी कोणाला मधुमेह असेल तर या महिन्यातच त्यांचे दृष्टिपटल तपासून घ्यावे, एवढे पुन्हा एकदा विनवून मी आपली रजा घेतो.